पेढीवरील संगणक उशिरा का सुरू होतो?

शहापूर, मुरबाड, सरळगाव, किन्हवली या बाजारांतील वाचकांकडून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न पावसाळा ओसरताच हमखास असतो. सकाळी दुकान उघडून कळ दाबली की संगणक लवकर चालू होत नाही. मात्र एकदा चालू झाला की दिवसभर बरा चालतो. मग तो बदलावा, की चालवून घ्यावा? बहुतेक जण चालवून घेतात. कळ दाबून ठेवावी, तोवर दुकान झाडून घ्यावे, चहा घ्यावा. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, असा हिशेब असतो. हा हिशेब कधी बरोबर ठरतो आणि कधी फार महागात पडतो, हे विलंब नेमका कोठे होतो आहे त्यावर अवलंबून आहे. आजच्या लेखात तेवढेच पाहू.

आधी या पेटीत काय आहे, याचे स्मरण ठेवावे. पूर्वी कीर्द, खतावणी आणि उधारीची वही गादीखाली किंवा तिजोरीत असे. आता रोजमेळापासून गिऱ्हाइकाच्या येण्यापर्यंत सारे काही गल्ल्याशेजारच्या संगणकात असते. मुरबाड तालुक्यातील धसई गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि तेथील लहानमोठ्या दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. पुढे सात महिन्यांनी, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ज्यांनी तोवर संगणक टाळला होता त्यांनाही तो घ्यावा लागला. या करकायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०२३-२४ चे विवरणपत्र भरण्याची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखवता आले पाहिजेत. हिशेब संगणकावर असतील तर त्यांची प्रत राखणे आणि अपघात झाल्यास वाजवी मुदतीत ते पुन्हा उभे करता येणे, हेही नियमांत आहे. संगणकाच्या विलंबाकडे पाहताना ही सहा वर्षे डोळ्यांपुढे असू द्यावीत.

आता घड्याळ हाती घ्या. संगणक सुरू होण्याच्या वाटेवर तीन थांबे आहेत. कळ दाबल्यापासून पंख्याचा आवाज येईपर्यंत आणि दिवा लागेपर्यंत पहिला. तेथपासून पडद्यावर विंडोजची खूण दिसेपर्यंत दुसरा. आणि त्या खुणेपासून प्रत्यक्ष टॅली उघडून बिल करता येईपर्यंत तिसरा. तीन सकाळी या तिन्ही थांब्यांचे सेकंद कागदावर लिहा. दुरुस्ती करणाऱ्यास ‘मशीन स्लो आहे’ एवढेच सांगितले तर तो विंडोज नव्याने टाकून देतो, कारण ते काम त्याला सर्वांत सोपे असते. आपण ‘दिवा लागायला चार मिनिटे, पुढचे सर्व एका मिनिटात’ असे सांगितले, तर विंडोजला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

पहिल्या थांब्यावरचा विलंब हा निव्वळ विजेचा विलंब असतो आणि आपल्या भागात तोच अधिक आढळतो. पेटीच्या मागच्या बाजूस, जेथे वायर लागते, तेथे एसएमपीएस नावाचा भाग असतो. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करून देणे हे त्याचे काम. याचा एक कोपरा, बाहेरील बटण चालू असेल तर, संगणक बंद असतानाही जागा असतो. तोच आपण कळ दाबल्याची वर्दी घेतो. त्यात कपॅसिटर नावाचे लहान नळकांड्यांसारखे भाग असतात आणि त्यांत एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो द्रव आटतो. आटलेला कपॅसिटर थंड असताना नीट काम करीत नाही. थोडा तापला की करू लागतो. म्हणून रात्रभर मेन स्विच बंद ठेवलेल्या दुकानात, विशेषतः घाटाच्या पायथ्याच्या थंडीत, सकाळी पाच-सहा वेळा कळ दाबावी लागते आणि दुपारी तोच संगणक एका दाबात उठतो. ‘एकदा चालू झाला की बरा चालतो’ या वाक्याचा अर्थ बहुधा हाच. हा दोष वाढतच जातो. आज दोन मिनिटे, महिन्याने दहा, आणि मग एके दिवशी मुळीच नाही. तो दिवस विवरणपत्राच्या ११ किंवा २० तारखेलाच यावा असेही घडते. एसएमपीएस बदलावा, दुरुस्त करीत बसू नये. स्वतः तर तो कधीच उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यात काही काळ तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा राहू शकतो. बिननावाचा स्वस्त भाग घेण्यापेक्षा पावती आणि हमी देणाऱ्या कंपनीचा घ्यावा. येथे वाचवलेले हजार रुपये मदरबोर्डच्या रूपाने परत मागितले जातात.

मात्र एसएमपीएसला दोष देण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचणारी वीज पाहिली पाहिजे. दुकानात आइस्क्रीमचा किंवा दुधाचा फ्रीजर असेल आणि संगणक त्याच बोर्डावर असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो आणि क्षणभर व्होल्टेज कोसळते. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून दूर असलेल्या दुकानांत तर व्होल्टेज मुळातच कमी असते. इलेक्ट्रिशियनकडून सकाळी आणि सायंकाळी मीटर लावून मोजून घ्यावे. एसएमपीएसवरील चिठ्ठीत तो किती व्होल्टवर चालतो ते लिहिलेले असते. मोजलेला आकडा त्याखाली जात असेल तर नवा संगणक आणूनही उपयोग नाही. काही जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटण असते. व्होल्टेज कमी आहे म्हणून ते ११५ वर सरकवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास मोठा आवाज होऊन तो भाग तेथेच संपतो. त्या बटणाला हात लावू नये.

यूपीएसचेही तसेच. त्यातील लहान बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस पहिल्या दाबात उभा राहात नाही, टीं-टीं करीत बंद पडतो, आणि दोष संगणकाच्या माथी येतो. परीक्षा सोपी आहे: एका सकाळी यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट सॉकेटला लावावा. विलंब नाहीसा झाला तर बॅटरी बदलावी. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. गरम होताना तो एवढी वीज घेतो की यूपीएसच मान टाकतो.

पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे. आपल्याकडे खाली काळा कातळ. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि असूनही नसल्यासारखा होतो. त्यात पाणी घालणे किंवा तो नव्याने भरून घेणे हे संगणकासाठी नव्हे, तर घरातील माणसांसाठी आवश्यक आहे.

दुसरा थांबा म्हणजे दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळा किंवा इंग्रजी अक्षरांवर अडकलेला. येथे तीन सामान्य कारणे आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत. मदरबोर्डवर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२ या क्रमांकाचा, तीन व्होल्टचा. संगणकाला वीज मिळत नसताना घड्याळ आणि मूळ नोंदी तो जाग्या ठेवतो. दुकान वाढवताना मेन स्विच बंद करण्याची आपली पद्धत आगीच्या दृष्टीने योग्यच आहे आणि ती सोडावी असे मी कधीही सुचवणार नाही. पण त्यामुळे रात्रीचा सारा भार त्या सेलवर येतो आणि तो लवकर संपतो. मग सकाळी संगणक आपल्या नोंदी विसरतो, तारीख काही वर्षे मागे जाते आणि पडद्यावर एफ-१ दाबण्याची सूचना देऊन तो वाट पाहात बसतो. आपण त्याला ‘उशीर’ म्हणतो. याचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे: चुकलेल्या तारखेमुळे कराचे संकेतस्थळ सुरक्षिततेचे कारण देऊन उघडत नाही आणि लक्ष न गेल्यास बिलांवर भलतीच तारीख पडते. सेल पन्नासेक रुपयांत मिळतो. दिवाळीत वहीपूजनाच्या आधी साफसफाई होते, तेव्हाच दर दोन-तीन वर्षांनी तो बदलून घ्यावा.

दुसरे कारण दमट हवा. शहापूर-मुरबाडच्या पावसात चार महिने भिंती ओल धरतात, तेथे तांब्या-सोन्याचे बारीक संपर्क कसे सुटतील? रॅमच्या पट्टीच्या कडेवर मळ चढला की संगणक पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, कधी बीप वाजवतो. वायर काढून, पट्टी बाहेर घेऊन, साध्या पेन्सिलीच्या खोडरबराने कड हलकेच पुसणे हा आपल्याकडील दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आहे आणि तो पुष्कळदा लागू पडतो. लग्नकार्यासाठी किंवा यात्रेसाठी आठ-दहा दिवस दुकान बंद असेल तर परतल्यावर लगेच घाईने कळ दाबू नये. दारे उघडून थोडी हवा खेळू द्यावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बंद पेटीच्या उबेला मुंग्या, झुरळे, पाली आश्रयाला येतात. मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचा उघड्या असतात, तेथून त्या आत शिरतात. कळ दाबताच पंख्यात किंवा विजेच्या तारांत सापडून जीव जातो आणि कधी यंत्रही. त्या खाचांसाठी पत्र्याच्या छोट्या पट्ट्या मिळतात. त्या बसवून घ्याव्यात. हवा जाण्याच्या जाळीवर मात्र काहीही चिकटवू नये. दीर्घ सुटीनंतर टॉर्च लावून आत पाहिल्याशिवाय संगणक चालू न करणे उत्तम.

तिसरे कारण क्षुल्लक वाटेल: मागे लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह. काही संगणक आधी त्यावर विंडोज शोधतात, ती नसते, मग हार्ड डिस्ककडे वळतात. तो काढून पाहावा. प्रत घेण्याचा पेन ड्राइव्ह कायम जोडून ठेवणे तसेही बरे नव्हे. एखादा विषाणू शिरला तर मूळ हिशेब आणि प्रत दोन्ही एकदमच जातात.

आता तिसरा थांबा. विंडोजची खूण आली, ठिपके गोल फिरू लागले आणि फिरतच राहिले. या लेखातील खरी चिंतेची जागा ही आहे.

जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात आणि त्या बहुधा मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे घेतात. चकतीचा एखादा बिंदू खराब झाला की डिस्क तो वाचण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि त्या प्रत्येक ठिकाणी काही सेकंद जातात. असे पन्नास बिंदू वाटेत आले की पाच-दहा मिनिटे कशी गेली ते कळत नाही. म्हणजे ज्या संगणकाला विंडोज सुरू करण्यास गेल्या वर्षी दोन मिनिटे लागत होती आणि आता दहा लागतात, तो आळशी झालेला नाही. त्याची डिस्क मरणपंथाला लागलेली असण्याची शक्यता आहे. कट-कट असा आवाज येत असेल तर शंका फारशी उरत नाही. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा विनामूल्य प्रोग्राम डिस्कची प्रकृती एका शब्दात सांगतो. तो पिवळा इशारा दाखवू लागला की त्या दिवसाचे बाकीचे काम बाजूला ठेवावे.

अशा वेळी सर्वप्रथम प्रत घ्यावी, दुरुस्ती नंतर. हा क्रम उलटा झाल्याने नुकसान होते. डिस्क तपासण्याचा आज्ञाक्रम चालवणे, विंडोज नव्याने टाकणे, ‘फॉरमॅट मारणे’ या साऱ्या गोष्टी आजारी डिस्कवर आणखी ताण टाकतात. मुरबाडला आजही रेल्वे नाही. दुरुस्तीसाठी पेटी दुचाकीवर बांधून कल्याण किंवा उल्हासनगरला नेली जाते. तीसेक किलोमीटरचे खड्डे त्या डिस्कला सोसतीलच असे नाही. म्हणून पेटी दुकानाबाहेर पडण्यापूर्वी टॅलीच्या आतून बॅकअप घ्यावा, शिवाय टॅलीचा डेटा असलेले संपूर्ण फोल्डर, बिलिंगच्या प्रोग्रामचे फोल्डर आणि भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात.

‘आमचा बॅकअप आहे, डी ड्राइव्हमध्ये,’ असे पुष्कळ जण समाधानाने सांगतात. बहुतेक पेढ्यांवरील संगणकात डिस्क एकच असते. सी आणि डी हे तिचेच दोन कप्पे. पेटी बुडाली तर दोन्ही कप्पे बुडतात. प्रत याचा अर्थ वेगळ्या वस्तूवर आणि वेगळ्या जागी ठेवलेली प्रत. आपल्याकडे खाली दुकान आणि वर घर अशी रचना फार. तेव्हा वरच्या मजल्यावर नेलेला पेन ड्राइव्ह चोरीपासून वाचेल, आगीपासून नाही. दोन पेन ड्राइव्ह आलटूनपालटून वापरावेत आणि त्यांतला एक आपल्या कर सल्लागाराकडे किंवा दुसऱ्या गावातील आप्तांकडे असावा. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत ही न मोजलेल्या थैलीसारखी असते, हे व्यापाऱ्यास अधिक सांगणे नको.

प्रत सुरक्षित झाल्यावर उपाय सोपा आहे. जुन्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काही नसते. त्यामुळे सहा-आठ वर्षांचा संगणकही बहुधा अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो. नवा संगणक घेण्याच्या खर्चाशी तुलना केली तर हा खर्च किरकोळ आहे. रॅम चार जीबी असेल तर त्याच वेळी आठ करून घ्यावी. एकच मुद्दा वेगळा लक्षात घ्यावा: विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ बरेचसे जुने संगणक स्वीकारत नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत हे बदलण्याचे योग्य कारण होय. सुरू होण्यास लागणारा वेळ हे मात्र सहसा नव्हे.

डिस्क निरोगी असूनही तिसऱ्या थांब्यावर वेळ जात असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअपच्या पानावर सकाळी आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. प्रिंटरचे मदतनीस, व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम, कोणीतरी कधीतरी टाकलेले खेळ, यांतले अनावश्यक ते तेथेच बंद करता येतात. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढावा. त्याच पानावर काही नव्या संगणकांत ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आकडा दिसतो. दुसऱ्या थांब्यावर किती वेळ गेला, याचा तो साक्षीदार.

दुसरी गोष्ट सायंकाळची आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ म्हटल्यावर संगणक आपल्या स्थितीचा काही भाग डिस्कवर लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी लवकर उठता यावे. हे लिहिणे पडदा काळा झाल्यावरही काही क्षण चालते. आपण दिवस मावळण्यापूर्वी दुकान आवरण्याच्या गडबडीत असतो. पडदा काळा दिसताच मेन स्विच खाली. लिहिणे अर्धवट राहते आणि सकाळी संगणक त्या अर्धवट नोंदीची तपासणी करीत बसतो. पेटीच्या पुढील दिवा विझेपर्यंत थांबावे. अपडेट चालू असल्याची सूचना दिसत असेल तर ते संपेपर्यंत थांबावे. महिन्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करावे, कारण पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होणे त्यातच घडते.

दुरुस्तीसाठी पेटी द्यावी लागलीच तर देताना आपल्या सेकंदांचा कागद सोबत द्यावा, कोणता भाग बदलला ते पावतीवर लिहून घ्यावे आणि काढलेली हार्ड डिस्क परत मागून घ्यावी. ती भंगारात देऊ नये. तिच्यावर आपल्या गिऱ्हाइकांची नावे, उधाऱ्या, खात्यांचे क्रमांक असतात आणि पुष्कळदा बंद पडलेल्या डिस्कवरूनही ते काढता येतात. पाकिटात घालून, वर तारीख लिहून ती तिजोरीत जुन्या वह्यांबरोबर ठेवावी.